बारावीला जीवशास्त्र नव्हतं, आता एमबीबीएसला जायचंय: काय करायचं, कुठे आणि कोणत्या क्रमाने

जून उजाडला की आमच्या ज्युनियर कॉलेजच्या ऑफिसात अशी एकदोन पोरं हमखास येतात. बारावीचं मार्कशीट हातात असतं, फिजिक्स-केमिस्ट्रीचे मार्क बरे असतात, पण जीवशास्त्राची ओळच नसते. कुणी जेईईच्या नादात कॉम्प्युटर सायन्सचं बायफोकल, म्हणजे दोनशे मार्कांचा व्यावसायिक विषय, घेतलेलं असतं, कुणी ‘बायोची जर्नलं कोण लिहीत बसणार’ म्हणून अकरावीतच विषय सोडलेला असतो, कुणी इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष करून परत फिरलेलं असतं. मी जीवशास्त्र शिकवतो, म्हणून क्लार्क त्यांना माझ्याकडे धाडतात. दरवेळी बोलून सांगतो तेच आता लिहून ठेवतो.

आधी भीती काढून टाका. दार बंद नाही. पूर्वी ते जवळजवळ बंदच होतं. जुन्या मेडिकल कौन्सिलच्या १९९७ च्या नियमांचा अर्थ असा लावला जायचा, की फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हे विषय अकरावी-बारावीत सलग दोन वर्षं, प्रॅक्टिकलसकट, रीतसर शिकलेले हवेत. मग २२ नोव्हेंबर २०२३ ला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जाहीर सूचना काढली. बारावी पास झाल्यानंतरही जीवशास्त्र किंवा बायोटेक्नॉलॉजी हा जादा विषय म्हणून सरकारमान्य बोर्डातून देता येतो, आणि असा विद्यार्थी नीट-यूजीला, म्हणजे एमबीबीएसच्या प्रवेश परीक्षेला, बसू शकतो. परदेशात एमबीबीएस करायला लागणाऱ्या पात्रता प्रमाणपत्रालाही हेच लागू. त्यामुळे ‘आता परत अकरावीपासून सुरुवात कर’ असं सांगणारे शेजारचे काका जुन्या माहितीवर बोलतायत. ती सूचना आयोगाच्या संकेतस्थळावर आहे. तिची प्रिंट काढून फाइलमध्ये ठेवा. खिडकीवरच्या माणसाला तोंडी समजावण्यापेक्षा कागद पुढे केलेला बरा.

आता ‘बायोलॉजीची अट’ म्हणजे नेमकं काय? पोरं एकच अट समजून चालतात, प्रत्यक्षात त्या तीन आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणी तपासल्या जातात. जीवशास्त्रात पास असणं ही पहिली. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून ठरावीक टक्के असणं ही दुसरी. नीटच्या पेपरातला जीवशास्त्राचा भाग ही तिसरी. क्लासवाले तिसरीवरच बोलतात, कारण फी तिची असते. पहिली अट लोक कशीबशी उरकतात. आणि दुसरीकडे कुणी बघतच नाही, तिथेच माणूस अडकतो.

दुसरीचं गणित करून दाखवतो. खुल्या प्रवर्गाला पीसीबीत, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी मिळून, ५० टक्के लागतात, आरक्षित प्रवर्गांना ४०, खुल्या प्रवर्गातल्या दिव्यांगांना ४५. इंग्रजीत पास हवं ते वेगळंच. समजा तुम्हाला बारावीला फिजिक्समध्ये ४१ आणि केमिस्ट्रीत ४४ आहेत. जेईईच्या मागे लागलेल्या पोरांचे बोर्डाचे मार्क असेच असतात, त्यात नवल नाही. बेरीज ८५. तीनशेपैकी दीडशे हवेत, म्हणजे जीवशास्त्रात किमान ६५ पाहिजेत. इथे ‘बायोत नुसतं पास झालं की झालं’ हे चालणार नाही. ३५ मिळवून पास झालात तर नीटमध्ये सहाशे पडूनही प्रवेशाच्या वेळी हात हलवत घरी यावं लागेल. आरक्षित प्रवर्गात असाल तर तीच बेरीज १२० ला भागते, तेव्हा ३५ पुरतात. तेही अगदी काठावर. म्हणून पहिलं काम हे: मार्कशीट काढा, फिजिक्स-केमिस्ट्रीची बेरीज करा, आणि जीवशास्त्रात किती लागतात तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. विषय कुठून द्यायचा हे त्या आकड्यावरून ठरतं. फिजिक्स-केमिस्ट्रीची बेरीज ५० च्या खाली असेल तर खुल्या प्रवर्गाचं गणित जीवशास्त्रात शंभरपैकी शंभर पडूनही जमत नाही. मग आधी ते दोन विषय सुधारायची सोय बघावी लागते.

विषय द्यायचे आपल्याकडे मुख्य मार्ग दोन.

पहिला आपल्याच राज्य मंडळाचा. बारावी महाराष्ट्र बोर्डातून झाली असेल तर आधी इथेच विचारा. बोर्डाच्या भाषेत याला ‘तुरळक विषय’ म्हणतात, ऑफिसात सगळे ‘आयसोलेटेड’ म्हणतात. पुनर्परीक्षार्थी, श्रेणीसुधार, खासगी, तुरळक असे परीक्षार्थींचे प्रकार असतात, त्यातला हा एक. ज्युनियर कॉलेजमार्फतच फॉर्म भरायचा असतो, त्यामुळे जीवशास्त्राची प्रयोगशाळा असलेलं आणि तुम्हाला घ्यायला तयार असलेलं कॉलेज शोधणं हे खरं काम. फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षेचे फॉर्म साधारण ऑक्टोबरपासून सुरू होतात, पण तुम्ही जून-जुलैतच जा. ऑक्टोबरात गेलात तर विभागप्रमुख विचारणार, ‘आणि प्रॅक्टिकल कधी केलीस?’ त्याला उत्तर नसतं. कॉलेज ‘असं काही नसतं’ म्हणालं, आणि नवखा क्लार्क असेल तर म्हणतोच, तर वाद घालू नका. आपल्या विभागीय मंडळात जा. पुणे, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, कोल्हापूर, अमरावती, लातूर, कोकण अशी नऊ आहेत. तिथे तुरळक विषयाबद्दल लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि उत्तर घेऊन कॉलेजात परत या.

दुसरा मार्ग एनआयओएसचा, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा. ती केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाखाली येते, मान्यतेचा प्रश्न नाही. आधीच बारावी झालेल्यांना एक ते चार विषयांपुरता ‘पार्ट ॲडमिशन’ मिळतो. जीवशास्त्राचा कोड ३१४. त्यात उत्तीर्णतेचं वेगळं प्रमाणपत्र मिळत नाही, त्या विषयाचं गुणपत्रक मिळतं. आपल्याला तेच हवं असतं. लेखी आणि प्रॅक्टिकल वेगवेगळं पास व्हावं लागतं, घरून लिहून द्यायचे असाइनमेंटचे पेपर असतात आणि प्रॅक्टिकल अभ्यासकेंद्रावर होतात. परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा दोनदा. मात्र नोंदणीची तारीख आणि परीक्षेचं सत्र एकमेकांना बांधलेलं असतं. जूनमध्ये नाव घातलं की ऑक्टोबरला बसायला मिळणारच, असं धरून चालू नका. नाव घालतानाच विचारा: माझी पहिली परीक्षा कोणती? आणि केंद्र महाराष्ट्रातलंच निवडा. राज्य कोट्यातल्या प्रवेशाला दहावी-बारावी महाराष्ट्रातून लागते, तिथे नसती शंका कशाला उभी करायची?

दोन्हींपैकी कोणता? माझं मत सरळ आहे. घरापासून तासाभराच्या आत चांगली प्रयोगशाळा असलेलं कॉलेज घेत असेल तर राज्य मंडळ. प्रॅक्टिकलचे ३० मार्क आणि लेखीचे ७० असं वाटप आहे, आणि मन लावून प्रॅक्टिकल केली तर ते तीस तुम्हाला ६५ च्या जवळ नेतात. नोकरी करत असाल, इंजिनिअरिंग सोडलेलं नसेल, किंवा जवळपास कुणी दाद देत नसेल, तर एनआयओएस. जे कुणी तिसरं सुचवतील, म्हणजे ‘आमच्याकडे नाव घाला, परीक्षेलाही यायला नको, बायोचं मार्कशीट आणून देतो’, त्यांच्या पायऱ्याही चढू नका. आयोगाच्या सूचनेत ‘सरकारमान्य बोर्ड’ हे शब्द आहेत, आणि बोर्डासारखं भारदस्त नाव घेऊन चालणारी दुकानं कमी नाहीत. तीसचाळीस हजार भरून आणलेलं तसलं मार्कशीट पडताळणीच्या टेबलावर कागदाचा तुकडा ठरतं, आणि तोवर वर्ष गेलेलं असतं.

आता प्रॅक्टिकल. पीसीएमची, म्हणजे बायोऐवजी गणित घेतलेली पोरं इथेच हलकेपणाने घेतात. फिजिक्स लॅबमध्ये आकडा जुळला की काम झालं. आमच्याकडे हात बसावा लागतो. मी अशा प्रत्येकाला पहिली कांद्याच्या मुळाची स्लाइड करायला लावतो. कांद्याची वाळलेली मुळं खरवडून तो पाण्याने भरलेल्या बाटलीच्या तोंडावर असा ठेवायचा की बूड जेमतेम पाण्याला टेकेल. काही दिवसांत पांढरी शुभ्र मुळं फुटतात. सकाळी त्यांची टोकं कापायची आणि एक भाग ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड, तीन भाग अल्कोहोल अशा मिश्रणात चोवीस तास ठेवायची. मग एक मूळ स्लाइडवर घेऊन ‘एक नॉर्मल’ (1N) तीव्रतेच्या हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब, वर ॲसिटोकार्मिन या रंगाचे दोनतीन थेंब, आणि स्पिरिट लॅम्पवर हलकीशी ऊब. रंग वाळू द्यायचा नाही. थोड्या वेळाने टोकाचा अगदी शेवटचा भाग गडद लाल दिसतो. तेवढाच ठेवायचा, बाकीचं मूळ कापून फेकायचं. पाण्याचा थेंब, वर कव्हरस्लिप, पेन्सिलीच्या मागच्या बाजूने हलक्या टिचक्या, आणि शेवटी टीपकागदात धरून अंगठ्याने सरळ खाली दाब.

सोपं वाटतं ना? पहिल्या खेपेला जवळजवळ प्रत्येक जण दाबताना अंगठा सरकवतो. पेशी एकमेकींवर चढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली नुसता लाल चिखल दिसतो. दुसरा नवशिका सगळं मूळ ठेवून देतो आणि मग ‘सर, एकही पेशी विभागत नाहीये’ म्हणून येतो. विभागणार कशी? विभाजी ऊती टोकाला असतात, वरच्या भागातल्या पेशी फक्त लांब होतात. तोंडी परीक्षेत विचारतात तेही हेच: टोकच का घेतलं, ॲसिड कशाला, ऊब कशाला दिली. हाताने केलेलं असेल तर उत्तर आपसूक येतं. आणि पुस्तकातल्यासारखी चारही अवस्थांची रांग दिसेल अशी आशा धरू नका. बहुतेक पेशी दोन विभाजनांच्या मधल्या काळातच असतात, एखादी सुरेख मध्यावस्था शोधायला स्लाइड चांगली फिरवावी लागते.

जर्नल वेळच्या वेळी सही करून घ्या. जर्नलाला सही नसेल तर प्रॅक्टिकलला बसायलाच अडचण येते. आकृत्या पेन्सिलीने, नावं उजव्या बाजूला, बाणांची टोकं एकमेकांना न छेदता. यातही मार्क आहेत.

आता अभ्यास. इथे एक घोळ आहे जो बायोवाल्या पोरांना सवयीने कळतो आणि तुम्हाला कुणी सांगत नाही. बोर्डाची परीक्षा बालभारतीच्या पुस्तकावर आणि नीट बहुतांशी केंद्राच्या एनसीईआरटीच्या पुस्तकावर. दोन्हींत धड्यांची वाटणी निराळी आहे. बालभारतीच्या बारावीच्या पुस्तकात १५ धडे आहेत. त्यातले श्वसन-रक्ताभिसरण आणि नियंत्रण-समन्वय हे धडे एनसीईआरटीत अकरावीला येतात. उलट बालभारतीचे वनस्पतींचे जलसंबंध आणि खनिज पोषण हे भाग बोर्डाला लागतात, पण नीटच्या सध्याच्या अभ्यासक्रमातून गेलेत. पचनसंस्थाही गेली. एनसीईआरटीत काटछाट झाल्यावर अकरावीचे १९ आणि बारावीचे १३ धडे उरले. अकरावीत बालभारतीवाले झुरळ शिकतात, एनसीईआरटीवाले बेडूक. तुमचा झुरळाशी काही संबंध येत नाही, हा तुमच्या मार्गाचा एक छोटासा फायदा म्हणा.

मी सांगतो तो क्रम असा. पहिल्यांदा जे दोन्हीकडे सारखं आहे ते: आनुवंशिकता, डीएनए आणि त्यातून प्रथिन बनण्याचा प्रवास, मानवी प्रजनन, श्वसन-रक्ताभिसरण, मज्जासंस्था-संप्रेरकं, मानवी आरोग्य, बायोटेक्नॉलॉजी. हे एनसीईआरटीतून ओळ न ओळ वाचा आणि मग बालभारतीच्या धड्यामागचे प्रश्न लिहून सोडवा. बोर्डाला लिहावं लागतं, नीटला निवडावं लागतं. गणितवाल्यांना आनुवंशिकता आवडते, शक्यतांचं गणितच आहे ते. तिथून सुरुवात केली की विषयाबद्दलची अढी जाते. त्यानंतर नीटपुरतं अकरावीचं: पेशी, जैवरेणू, पेशी विभाजन, प्रकाशसंश्लेषण, उत्सर्जन, हालचाल. वर्गीकरण, म्हणजे प्राणी आणि वनस्पती सृष्टी, मुद्दाम मधे घाला, शेवटी ठेवू नका. ते पाठांतराचं काम आहे आणि पाठांतराला पुन्हा पुन्हा वेळ लागतो. फक्त बोर्डाला लागणारे धडे जानेवारीत.

बोर्डाच्या पेपरात १० मार्कांचे बहुपर्यायी, ८ मार्कांचे एका वाक्याचे, मग दोन, तीन आणि चार मार्कांचे प्रश्न विकल्पासह असतात. चार मार्कांच्या उत्तरात स्वच्छ, नावं दिलेली आकृती असेल तर तपासणाऱ्याचा हात आखडत नाही. अनेक वर्षं पेपर तपासतोय, म्हणून सांगतो.

नीटमध्ये १८० प्रश्न, ७२० मार्क, त्यातले ९० प्रश्न आणि ३६० मार्क जीवशास्त्राचे. बरोबरला चार, चुकीला वजा एक. म्हणजे अर्धा पेपर तुम्ही न शिकलेल्या विषयाचा. ऐकून धडकी भरते. पण दुसरी बाजूही बघा. बायोवाल्या मुलांची बोट जिथे फुटते ते फिजिक्स तुमचं तयार आहे, रेडॉक्स आणि थर्मोडायनॅमिक्सही पुन्हा कोरावं लागणार नाही. फक्त आठवड्यातून दोनदा हात फिरवत राहा, नाहीतर मार्चपर्यंत तेही गंजतं. नीट मराठीतूनही देता येते, तरी तुम्ही विज्ञान इंग्रजीतून शिकला असाल तर तेच ठेवा. भाषांतरात शंका आली तर इंग्रजी प्रश्न अंतिम धरला जातो.

वेळापत्रकाचं एक लक्षात ठेवा. नीट मे महिन्यात, राज्य मंडळाची जीवशास्त्राची परीक्षा त्याच्या आधी दोनतीन महिने. दोन्ही एकाच वर्षात करणं जमतं, पण ते अशाच पोराला जमतं जो जूनपासून रोज बसतो. दिवाळीनंतर जागं झालेल्यांना मी सरळ सांगतो: यंदा बोर्डाचा विषय चांगला काढ, नीटला अनुभव म्हणून बस, खरा प्रयत्न पुढच्या वर्षी. नीटला वयाची वरची अट नाही आणि किती वेळा बसावं यालाही मर्यादा नाही. घरच्यांना हे एकदा बसून सांगा, नाहीतर पहिल्या निकालानंतर घरात जे होतं ते परीक्षेपेक्षा अवघड असतं.

बीएएमएस, बीएचएमएस डोक्यात असेल तरी वाट हीच. तिथेही नीट आणि पीसीबी लागतं. राज्याच्या एमएचटी-सीईटी परीक्षेच्या पीसीबी गटाचा यांच्याशी संबंध नाही, ते फार्मसी-कृषीकडचं. दरवर्षी कुणीतरी चुकून त्याचाच फॉर्म भरून निवांत बसतं.

जे अजून अकरावीत आहेत त्यांना दोनच वाक्यं. डॉक्टर की इंजिनिअर हे ठरलेलं नसेल तर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवा, बायफोकलचा मोह टाळा. बायफोकल विषय २०० मार्कांचा असतो, दुसरी भाषा आणि एक विषय खाऊन टाकतो, आणि क्रॉप सायन्स किंवा फिशरीज घेतलं म्हणजे जीवशास्त्र झालं असं कुणीही धरत नाही.

शेवटी कागद. आता तुमच्याकडे दोन मार्कशीट असणार: जुनं बारावीचं आणि नवं जीवशास्त्राचं. प्रवेशाला दोन्ही मूळ प्रती लागतात, एकाने काम होत नाही. दोन्हींवरचं नाव अक्षर न अक्षर जुळतंय का बघा. आपल्या बोर्डावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत. दुसरीकडे फॉर्म भरताना हौसेने नाव आधी लिहिलं, किंवा आधार कार्डावरचं वेगळं स्पेलिंग टाकलं, की पडताळणीला प्रश्न आलाच. एनआयओएसचा फॉर्म भरताना दहावीचं मार्कशीट समोर ठेवा आणि त्यावरून उतरवा, आठवणीतून लिहू नका. नीटच्या फॉर्मवरही तेच स्पेलिंग. पात्रतेचा रकाना भरण्याआधी त्या वर्षीची माहितीपुस्तिका उघडा आणि जादा विषयवाल्यांसाठी काय म्हटलंय ते बोट ठेवून वाचा. सायबर कॅफेवाल्याने ‘सगळे हाच पर्याय टाकतात’ म्हटलं तर त्याला थांबायला सांगा. डोमिसाइल, जात वैधता, नॉन क्रिमीलेअर हे सगळं जूनमध्येच अर्ज टाकून ठेवा. जात वैधता तर शक्यतो त्याच्याही आधी, त्या कार्यालयाला तुमच्या कॅप राउंडची, म्हणजे प्रवेशफेरीची, घाई नसते.